तिनं न वाचलेली वाक्यं

नाटकवाल्यांत माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. मी वाचनाला कागद हातात धरत नाही म्हणे. सगळे नट गोल करून बसलेत, प्रत्येकाच्या मांडीवर संहिता, आणि मी भिंतीला पाठ लावून डोळे मिटून नुसता ऐकतोय. दुसऱ्या दिवशी अख्खा अंक पाठ, माझाही आणि समोरच्याचाही. नवी पोरं एकमेकांना हे सांगताना त्यात भर घालतात. कुणी म्हणतं, एकपाठी माणूस. कुणी म्हणतं, जुन्या लोकांची साधनाच वेगळी. मी कधी कुणाला अडवलं नाही. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

खरं कारण एवढंच की मला वाचता येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. तिसरीपर्यंत शाळेत गेलतो. दुकानाची पाटी, एसटीवरचं गावाचं नाव, एवढं लागायचं. सही तर झोकात करायचो. पण ओळीखाली ओळ आली, त्यात जोडाक्षरं आली, की सगळं एकमेकांत मिसळून जायचं. पन्नास वर्षं नाटकं केली, सिनेमे केले, अलीकडं मालिका केल्या, आणि ही गोष्ट दोघांनाच माहीत होती. मला आणि आमच्या हिला.

आता हे मी माझ्या हातानं लिहितोय, म्हणून सांगायला हरकत नाही. लिहून झालेलं पान ही तपासते. तपासताना तिनं काही वाक्यांवर पेन्सिलीनं रेघ मारली. ती वाक्यं मी खाली परत लिहिली. हट्ट काय तिला एकटीलाच नाही.

आमचं पहिलं घर मंगळवार पेठेत, दोन खोल्यांचं. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत होतो. पेटीत माती ठोकून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे काम. माझा आवाज तिथं तयार झाला. मशीनच्या वरताण ओरडल्याशिवाय शेजारच्याला पाणी दे म्हटलेलंसुद्धा ऐकू जायचं नाही. पेठेतल्या मंडळाचं गणपतीत नाटक बसत होतं आणि त्यांना पाटलाच्या कामाला मोठ्या आवाजाचा माणूस पाहिजे होता. शेजाऱ्यानं माझं नाव सुचवलं. सुचवायचं कारण, आम्ही घरात भांडलो की त्याला सगळं ऐकू जायचं.

नाटकात ज्याच्या त्याच्या वाट्याची वाक्यं वहीत उतरवून देतात, तिला नक्कल म्हणतात. तालीम घेणाऱ्या मास्तरांनी माझ्या हातात नक्कल ठेवली आणि म्हणाले, "हं, वाचा."

नवं लग्न झालेलं, अंगात रग. मला येत नाही हे दहा माणसांत सांगणं शक्यच नव्हतं. मी वही खिशात घातली.

"मी असं वाचत न्हाई. घरात पाठ करून येतो. उद्या बघा."

"आणि न्हाई आलं तर?"

"तर पाटील दुसरा बघा."

मास्तरांनी बाकीच्यांकडं बघितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "पाटील आत्ताच चढलाय की."

घरी आलो तर ही भाकरी थापत होती. ती सातवी पास. माहेर निपाणीकडचं. तिचं वाचन ऐकायला शेजारच्या वर्गातले गुरुजी येऊन उभे राहायचे, असं तिची अक्का, म्हणजे थोरली बहीण, सांगायची. मी वही तिच्यापुढं टाकली. काय झालं ते सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. वही तिनं पिठाच्या डब्याला टेकवून उभी केली आणि थापता थापता वाचायला लागली. एक वाक्य, दोन थापा. भाकरी तव्यावर टाकायची झाली की थांबायची. मी भिंतीला पाठ लावून डोळे मिटले. पुढं जिच्याबद्दल लोक गोष्टी सांगायला लागले, ती बैठक हीच.

तिच्या वाचनात नाटक अजिबात नव्हतं. बाजाराची यादी वाचावी तसं वाचायची. त्याचाच मला फायदा झाला. एखादा नट दुसऱ्याला वाक्य वाचून दाखवतो तेव्हा त्याचा हेल त्यात चिकटतो आणि तो काढून टाकण्यात निम्मी तालीम जाते. माझ्याकडं वाक्य कोरं यायचं. फक्त एक व्हायचं. जिथं ती भाकरी तव्यावर टाकायला थांबायची, तिथं मी रंगमंचावरही थांबायचो. ते अंगातच बसलं होतं. एकदा एका पेपरवाल्यानं माझ्या थांबण्याच्या जागांचं फार कौतुक केलं. हिनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "तव्याचं पण नाव छापायचं की मग."

दोन-तीन वर्षांनी आम्ही एक नाटक स्पर्धेत उतरवलं. त्यात मी गावच्या मोटारीवरचा म्हातारा ड्रायव्हर होतो. तिसऱ्या अंकात तो खाटेवर मरतो आणि पडदा पडतो. पहिल्यांदा तो प्रसंग तालमीत घेतला तेव्हा माझ्या भावाचं काम करणाऱ्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "दादा, काहीतरी बोल."

आणि थांबला. मीही थांबलो. मला जे पाठ होतं त्यात यापुढं थेट पडदा होता.

प्रॉम्प्टरनं बाजूनं वाक्याची सुरुवात दिली. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला. दिग्दर्शक म्हणाले, "अहो, पुढं चार ओळी आहेत तुम्हाला."

"हायत की," मी म्हणालो. मला काय माहीत, आहेत का नाहीत. "पण मी बोलणार न्हाई."

"का?"

कारण माझ्याकडं नव्हतं. पण चूक कबूल करण्यापेक्षा कारण शोधणं मला कायम सोपं गेलं आहे. "मरणारा माणूस भाषण करतो काय वो? माझा बाप गेला तेव्हा नुसता तांब्याकडं बघत होता. पाणी पाहिजे एवढं पण बोलला न्हाई."

हे खरं होतं. त्या वेळेला तोंडाला आलं एवढंच. दिग्दर्शक म्हणाले, "करून दाखवा." मी करून दाखवलं. भाऊ म्हणाला काहीतरी बोल, मी तांब्याकडं बघितलं, आणि बघता बघता गेलो. भावाचं काम करणारा गडी खरंच रडला. त्या नाटकाला ढाल मिळाली, मला पदक मिळालं.

तालमीवरून घरी आल्या आल्या मी हिला विचारलं, "तिसऱ्या अंकात मला चार ओळी हायत म्हणे."

"हायत."

"मग?"

"मी वाचल्या न्हाईत."

"का?"

तिनं भाकरी फिरवली. "माझ्या तोंडानं तुमचं मरण काढू व्हय?"

"अगं, माझं न्हवं ते. ड्रायव्हरचं हाय."

"बोलणार कोण? तुम्हीच न्हवं? आणि तुमच्या कानात घालणार कोण? मी. देवाला काय कळतंय कोण ड्रायव्हर आणि कोण फाउंड्रीवाला."

मी पाटावर बसलो आणि भाकरी मागितली.

त्यानंतर मी पुष्कळ मेलो. नाटकात विषानं मेलो. सिनेमात गोळी लागून, साप चावून, विहिरीत पडून मेलो. बहुतेक सिनेमांत माझं काम चौथं-पाचवं असायचं आणि मध्यंतराच्या आसपास मला मारायचेच, कारण मी मेल्याशिवाय नायकाला राग येत नसे. दर वेळी ही ती वाक्यं गाळायची आणि दर वेळी मी न बोलता मरायचो. एखादा दिग्दर्शक अडला तर बापाचा तांब्या होताच. होता होता माझं तेच नाव झालं. न बोलता मरणारा नट पाहिजे असेल तर कोल्हापुरातून बोलवा, असं म्हणायचे.

सिनेमावाल्यांची एक जुनी रीत आहे. मेल्याचा शॉट झाला की कॅमेरा बंद करायच्या आधी त्या नटानं उठायचं आणि कॅमेऱ्याकडं बघून हसायचं. म्हणजे शेवटचं चित्र जित्या माणसाचं राहतं. मी शूटिंगवरून आलो की चपला काढायच्या आत हिचा प्रश्न ठरलेला. "उठून हसला का?"

"हसलो."

मग ताट वाढायची.

फाउंड्रीतून निवृत्त झाल्यावर आम्ही कळंब्याच्या बाजूला राहायला आलो. पोरगी सांगलीला दिलेली. घरात आम्ही दोघंच. गेल्या साली माझ्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, नळीतनं स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि हिला सांगितलं की यांना एकटं सोडू नका. म्हणून सकाळी आम्ही दोघं तळ्यावर फिरायला जातो. मी पुढं, ती मागं, आणि मागून तिचं चालू असतंय, "हळू जरा, शर्यत न्हाई."

यंदा एक पोरगी घरी आली. तिशीची असेल. आजोळ इथलं, शिक्षण पुण्याचं, आता स्वतःचा पहिला सिनेमा काढत होती. चटईवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आबा, मुख्य काम तुमचं आहे."

मी म्हणालो, "मुख्य म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या शॉटपासून शेवटच्या शॉटपर्यंत तुम्ही. पाटीवर पहिलं नाव तुमचं."

पन्नास वर्षांत हे वाक्य मला कुणी बोललं नव्हतं. मी उगाच हिला चहा टाक म्हणून सांगितलं. चहा आधीच टाकलेला होता.

काम होतं पिठाच्या गिरणीच्या म्हाताऱ्या मालकाचं. शेवटी तो मरतो. मरायच्या आधी मुलाला जवळ बसवून दीड पान बोलतो. ती म्हणाली, "आबा, तुमची सगळी मरणं मी बघितली आहेत. एकदाही बोलला नाहीत. या वेळी बोलायचं. त्या दीड पानासाठी मी हा सिनेमा करते आहे. ते नसेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, आधीच सांगते."

"बोलतो की," मी म्हणालो. "त्यात काय."

बाकीची संहिता टाइप केलेली होती. शेवटचा प्रसंग तिनं हातानं लिहून दिला होता.

हिनं रोज थोडं थोडं करत सगळं वाचलं. गिरणी, मुलगा, सून, भांडणं, सगळं मला पाठ झालं. शेवटच्या प्रसंगापाशी आली आणि तिनं कागद घडी करून डब्याखाली ठेवले.

"झालं एवढं."

"आणि शेवट?"

"शेवट मी वाचणार न्हाई."

"अगं, या वेळी तांब्याकडं बघून चालत न्हाई. तिला बोललेलं पाहिजे. न्हाई बोललो तर काम जातंय."

"जाऊ दे."

मला राग आला. "पन्नास वर्षांनी माझं नाव वर लागायला निघालंय आणि तू जाऊ दे म्हणतीस?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. तिचा आवाज चढला नाही. "गेल्या साली दवाखान्यात सही कुणी केली?"

"तू."

"सही करायच्या आधी तो कागद तुम्हाला वाचून दाखवला. त्यातलं मधलं मी गाळलं. काय काय होऊ शकतंय ते सगळं त्यात लिहिलेलं होतं. ते मी एकटीनं वाचलं आणि खाली सही केली. आता परत मला तसलं वाचायला लावू नका."

मी त्या दिवशी परत विषय काढला नाही.

शूटिंगला नऊ दिवस होते. मोबाइलमधली बाई टाइप केलेलं वाचून दाखवते हे मला कळलं होतं, पण हाताचं अक्षर तिला लागेना. तसंही ती बाई स्टँडवर गाडी लागल्याचं सांगावं तसं बोलते. तिच्याकडून मी मरण काय शिकणार. सांगलीच्या पोरीला कागदाचा फोटो पाठवून फोनवर वाचून घेता आलं असतं. पण मग बापाला वाचता येत नाही हे तिला कळणार, तिच्याकडून जावयाला कळणार. शेजारी नको, ओळखीचा नट तर नकोच. मी त्या सिनेमावाल्या पोरीला फोन करून दुसरा माणूस बघ म्हणून सांगायचं ठरवलं, मोबाइल हातात घेतला आणि खाली ठेवला. असं दोन वेळा झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना मी डब्याखालचे कागद काढून खिशात घातले. हिनं बघितलं आणि चपला घातल्या.

तळ्याच्या कडेला एक बाकडं आहे. त्यावर बसलो, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरलं. "पोरा, जवळ ये" एवढं लागलं. त्याच्या पुढचा शब्द लागेना. मी मोठ्यानं तीन वेळा चुकीचा वाचला. ही बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला पाण्याकडं तोंड करून बसलेली. चौथ्यांदा चुकलो तेव्हा तिला राहवलं नाही.

"पोटफोड्या ष हाय तो. त्याला य जोडलाय."

मी जोडून बघितलं. आयुष्य.

"पुढचा सांग की."

"शब्द मी सांगणार न्हाई," ती पाण्याकडं बघतच म्हणाली. "अक्षर अडलं तर अक्षर सांगीन. शब्द तुमचा तुम्ही करा."

तिनं ती वाट काढली होती. अक्षर म्हणजे मरण नव्हे. सुटं सुटं सांगितलं तर तिच्या तोंडून काहीच वाईट निघत नव्हतं. ते जोडायचं पाप माझ्याकडं.

मग रोज तसंच. ती पाण्याकडं बघून अक्षर द्यायची, मी त्याचा शब्द करायचो. पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या. डोकं असं दुखलं की फाउंड्रीत डबल पाळी केल्यावर पण दुखलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आदल्या तीन ओळी वाचायला अर्धाच वेळ लागला. मला वाटलं, पाठ झाल्या म्हणून असेल. म्हणून मुद्दाम शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलगडून बघितला. तोही लागला. सावकाश, पण लागला.

फिरायला येणारा एक निवृत्त कारकून रोज आमच्यापुढनं जायचा. एक दिवस थांबला.

"काय आबा, कोर्टाची नोटीस आली काय?"

"परीक्षा हाय माझी."

"या वयात?"

"त्या वयात नापास झालो म्हणून या वयात."

तो हसत गेला. मी एवढं खरं पन्नास वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो, आणि त्याला ते कळलं नाही.

एक गोष्ट मला नवी होती. आजवर कुठलंही वाक्य आठवलं की ते हिच्या आवाजात आठवायचं, थापांसकट. हे दीड पान कुणाच्याच आवाजात नव्हतं. ते मी चाचपडत वाचलेलं, माझ्याच आवाजात होतं. पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. मग बरं वाटलं. आठव्या दिवशी मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि सगळं म्हणून दाखवलं. ही उठून पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि माझं संपल्यावर परत आली.

"झालं?"

"झालं."

"चला मग. ऊन लागतंय."

शूटिंग पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात होतं, खऱ्या गिरणीत. ही माझ्याबरोबर आली, गोळ्या आणि डबा घेऊन. बाकीचं काम नीट झालं. शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी सकाळी खाट टाकली, खिडकीतून ऊन खाटेवर येत होतं, कॅमेरावाल्याला तेच ऊन पाहिजे होतं. मी आडवा झालो. तेवढ्यात ती पोरगी कागद घेऊन आली.

"आबा, खालचा अर्धा भाग मी बदललाय. हे नवं. एकदा नजर टाका, लगेच घेऊ."

कागद माझ्या हातात. हाताचं अक्षर, गिचमिड, खाडाखोड केलेलं. पंचवीस माणसं उभी. मी असं वाचत नाही, घरी जाऊन पाठ करून येतो, हे वाक्य पन्नास वर्षं तयारच होतं, ते जिभेवर आलं. दाराकडं बघितलं. ही उंबऱ्याजवळ दळणाच्या पोत्यावर बसलेली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान अंगणाकडं वळवली.

मी उठून बसलो.

"मॅडम, वेळ लागंल. मला वाचायला येत न्हाई. आत्ताच शिकतोय."

ती हसली. मी थट्टा करतोय असं वाटलं तिला. मग माझं तोंड बघून तिचं हसणं थांबलं. तिचा एक मदतनीस पुढं आला. "आबा, मी वाचून दाखवतो ना. दोन मिनिटांत होईल."

"नको. तुझा हेल चिकटंल. मी वाचतो. तुम्ही चहा घ्या तोवर."

चष्मा लावला, बोट धरलं आणि मोठ्यानंच वाचायला लागलो. मनात वाचायला मला अजून येत नव्हतं. कुणी चहाला गेलं नाही. लाइटवाला पेटीवर बसला. मी एक ओळ केली, दुसरी केली. तिसऱ्या ओळीत अडकलो. मागं गेलो, परत आलो, परत तिथंच. गिरणीत एवढी शांतता की पट्ट्यावरची चिमणी उडाली तेवढी ऐकू आली.

"प ला र जोडलाय," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून तिच्याकडं बघितलं. ती अंगणाकडंच बघत होती.

प्राण. झाला शब्द.

माझं वाचून होईपर्यंत ऊन खाटेवरून सरकून जमिनीवर आलं. कॅमेरावाला काहीतरी पुटपुटला. ती पोरगी त्याला म्हणाली, "खाट सरकवा. ऊन जिथं आहे तिथं खाट न्या." पाच वेळा वाचलं. सहाव्या वेळी कागद तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "घ्या."

पहिल्या वेळी माझी जीभ अडखळली. दुसऱ्या वेळी मुलाचं काम करणारा चुकला. तिसऱ्या वेळी सगळं सरळ गेलं. गिरणीवाला मुलाला सांगतो, मी गेलो त्या दिवशी पण गिरणी बंद ठेवू नको. लोक डोक्यावर दळण घेऊन लांबून येतात, त्यांना माघारी पाठवू नको. माझं काय, माझा प्राण जाईल न जाईल, त्यांची चूल पेटली पाहिजे. असं बरंच काही. बोललो आणि गेलो. आयुष्यात पहिल्यांदा बोलून गेलो.

"कट," ती म्हणाली. टाळ्या वाजल्या. मी पडूनच राहिलो.

"आबा, ओके आहे. उठा."

मी उठलो नाही. धावपळ झाली. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी माझी नाडी धरली. माझ्या स्प्रिंगची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

"आबा?"

"कॅमेरा बंद केला काय?"

"हो, शॉट झाला ना."

"चालू करा. मग उठतो."

"कशाला पण?"

"हसायचं हाय."

ती पोरगी कॅमेरावाल्याकडं बघायला लागली, तो तिच्याकडं. दोघांनाही ही रीत माहीत नव्हती. पेटीवर बसलेला म्हातारा लाइटवाला म्हणाला, "लावा की साहेब चालू. मेल्यावर हसून उठायचं असतंय. न्हाईतर आबा इथंच मुक्काम करतील."

कॅमेरा चालू झाला. मी सावकाश उठून बसलो. शॉट चालू असताना ही मागं गोठ्याकडं गेली होती, ती आता दारात येऊन उभी होती, पदराला गोठ्यातल्या शेळीनं चघळल्याची ओल. कॅमेरा तिच्या बाजूलाच होता. मी हसलो. कॅमेऱ्याकडं बघून का तिच्याकडं बघून, ते तो सिनेमा बघणाऱ्यांना कळणार नाही, कारण तो तुकडा सिनेमात नाही. त्या दिवशी गाडीत तिनं मला 'उठून हसला का' विचारलं नाही.

सिनेमा अजून लागलेला नाही. लागेल असं ती पोरगी म्हणते. तिनं मोबाइलवर पोस्टर पाठवलं. नाव सगळ्यात वर आहे. कुणी सांगायच्या आत मी वाचलं, मग सावकाश परत एकदा वाचलं. त्यात एक जोडाक्षर आहे, माझ्याच नावात, आणि इतकी वर्षं मी ते नुसतं सहीत गिरवत होतो.

सांगलीला पण फोन करून सांगून टाकलं. पोरगी म्हणाली, "बाबा, मला चौथीत असतानाच कळलेलं. प्रगतिपुस्तकात बाईंनी माझी तक्रार लिहिलेली आणि तुम्ही शाबासकी दिली होती." एवढी वर्षं गप्प बसली. आईवर गेली आहे.

परवा एका मालिकेकडून नवी संहिता आली. हिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, माझं मोठं अक्षर तेवढं तिला लागतं, ऑपरेशन दिवाळीनंतर. म्हणून आता मी वाचतो आणि ती थापते. वही पिठाच्या डब्याला टेकवलेली असते, फक्त तोंड माझ्याकडं. ती मध्येच हात थांबवून म्हणते, "एवढं ओढून वाचू नका, भाकरी करपतीय." मला तालमीतसुद्धा एवढं कुणी बोललं नाही.

या मालिकेत मी एका म्हाताऱ्या मास्तरांचं काम करतो. माझ्यावर मास्तर व्हायची वेळ आली, बघा. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसरं लावलं आणि खालच्या ओळी आधी दिसल्या. हल्ली मला पुढची ओळ आधी दिसते, एवढी प्रगती आहे. त्या पानावर म्हाताऱ्याची बायको आजारी पडते, आणि पानाच्या शेवटाला जे व्हायचं ते होतं. मी पान उलटलं आणि चौथ्यापासून सुरुवात केली.

ती थापायची थांबली. "दोन पानं उलटली काय?"

"चिकटली होती."

तिनं भाकरी हातावर घेतली आणि तव्यावर टाकली. तेवढा वेळ मी थांबलो, आणि मग पुढं वाचायला लागलो.